आठवड्याची शीट आणि रविवारचा फोन: सवयींचा हिशेब पाच जणांत ठेवून पाहिल्यावर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. सवय सलग किती दिवस पाळली याची रोजची साखळी मोजणारं ॲप आमच्याकडच्या माणसाच्या फारसं कामाचं नाही. आठवड्याचा आकडा धरणारी एक साधी गुगल शीट, आपलं घरदार-कामधंदा ठाऊक असलेली चार माणसं आणि रविवारी रात्रीचा एक फोन, एवढ्यावर मात्र भागतं. मागच्या पावसाळ्यात सुरू केलं. सोयाबीनची सुगी, दिवाळी, येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण), मार्चअखेर असं सगळं पार पडलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

मंडळी अशी. मी लातूरला आडतीवर हिशेब लिहितो. एक वर्गमित्र औशाकडं शेती करतो. दुसऱ्याचं अंबाजोगाईत मेडिकल आहे. त्याला शुगर निघाल्यापासून चालणं आणि चहा कमी करणं हे दोन विषय त्याच्यामागं लागलेत. त्याची थोरली बहीण उदगीरला शिक्षिका, आम्ही सगळे ताईच म्हणतो, त्या सेटचा (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास करतात. पाचवा माझा भाचा, पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतो.

साखळीवालं ॲप आमच्यातल्या तिघांनी आधी वापरलं होतं. त्याचा घोटाळा औशाच्या गड्याकडं, म्हणजे शेतीवाल्या वर्गमित्राकडं, उघडा पडला. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीची पाळी आली की रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर. "रातभर दारं धरूलालो, पहाटं फिरायला कवा जाऊ?" हा त्याचा प्रश्न, आणि ॲपकडं त्याला उत्तर नव्हतं. महिनाभर धरलेली साखळी एका रात्रपाळीत शून्यावर यायची. दोनदा शून्य पाहिल्यावर त्यानं ॲप काढून टाकलं, आणि चालणंही बंद केलं.

शीटमध्ये त्याच माणसाचं लक्ष्य आहे: आठवड्यात चार दिवस चालणं. कुठले चार, ते लाईट ठरवेल. रात्रपाळीच्या दिवसांत झोपायचं, दिवसाच्या पाळीत पहाटे निघायचं. हिवाळाभर त्याचे चार बहुतेक आठवड्यांत भरले.

याला अभ्यासाचा आधारही आहे. २१ दिवसांत सवय लागते असं आपण सगळीकडं ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय लावायला सांगितली. तो अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ ते २५४ इतका फरक. (अभ्यास होता ८४ दिवसांचा, म्हणजे २५४ हा आलेखावरून बांधलेला अंदाज, हे सांगताना बरेच जण गाळतात.) मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मग चुकलेल्या एका दिवसाला शून्याची शिक्षा कशासाठी?

आता शीट. प्रत्येकाच्या तीन ओळी, चौथी घालायला बंदी. एका ओळीत सवय, पुढं आठवड्याचं लक्ष्य, मग सोमवार ते रविवार असे सात चेकबॉक्स, शेवटी काऊंटइफ (खुणा मोजणारं शीटमधलं सूत्र) लावून झालेल्या खुणांची बेरीज. लक्ष्य गाठलं की शेवटचा रकाना हिरवा, एकानं हुकलं की पिवळा, त्याखाली लाल. हे रंग कंडिशनल फॉरमॅटिंगनं आपोआप बदलतात. दर सोमवारी जुन्या पानाची नक्कल करून खुणा पुसायच्या आणि नव्या पानाला तारखेचं नाव द्यायचं. ज्याची ओळ त्यालाच बदलता यावी म्हणून रेंज प्रोटेक्ट केल्यात. हे मी मुद्दाम केलं, कारण सुरुवातीला कुणीतरी मोबाईलवर बोट सरकवताना ताईंच्या खुणा भाच्याच्या नावावर जमा केल्या होत्या. शीट उभी करायला एक तास पुरतो, खर्च काही नाही.

सवयीच्या नावाला मात्र आम्ही बराच वेळ दिला, आणि तो वसूल झाला. "व्यायाम" असं लिहिलेली ओळ लालच राहते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट अशी की नुसतं काय करायचं यापेक्षा कधी, कुठं आणि कशाच्या पाठोपाठ करायचं हे आधी ठरवलेलं असलं तर काम होण्याची शक्यता वाढते. म्हणून मेडिकलवाल्याची ओळ "चालणे" अशी नाही. "दुपारी शटर ओढलं की जेवणाआधी योगेश्वरीच्या देवळापर्यंत जाऊन येणे" अशी आहे. ताईंची ओळ "परिपाठाआधी स्टाफरूममध्ये दहा जुने प्रश्न". माझी "रोजमेळ बंद केला की फोन गल्ल्याच्या खणात". ओळ वाचली तरी ती झाली की नाही हे दुसऱ्याला कळतं. वाद कमी होतात.

पण शीट म्हणजे निम्मंच काम. पहिले काही आठवडे आम्ही फोन करतच नव्हतो, ग्रुपवर शीटचा फोटो टाकायचो आणि चार अंगठे यायचे. भाच्यानं एकदा सगळ्या ओळी लाल ठेवून पाहिल्या, तरी अंगठे आलेच. त्याआधी व्हॉट्सॲपच्या पोलवर चालवून पाहिलं होतं, तेही दोन दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं गेलं.

फोनची पद्धत ताईंनी आणली, आणि ती त्यांच्या गल्लीतल्या बचत गटाची आहे. बचत गटात वही प्रत्येकीनं घरी वाचायची नसते. बैठकीत मोठ्यानं वाचली जाते, कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, आणि राहिला तर का, हे सगळ्यांसमोर. नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांवर बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला तेव्हापासून आजपर्यंत ही पद्धत टिकलीय, यात मोठ्यानं वाचण्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत. रविवारी रात्री आठला ग्रुप कॉल. एक जण दुसऱ्याच्या ओळी वाचतो, स्वतःच्या नाही. लाल ओळीवर एकच प्रश्न: कशामुळं राहिलं, आणि पुढच्या आठवड्यात आकडा तोच ठेवायचा का? उपदेश करायचा नाही. वीस मिनिटांत फोन बंद. उखाळ्यापाखाळ्या काढायच्या असतील तर नंतर वेगळा फोन लावा (ते आम्ही लावतोच).

स्वतःच्या ओळी स्वतः वाचायच्या नाहीत या एका नियमानं फार फरक पडला. स्वतः वाचताना माणूस "चालणं तीन, पण चौथ्या दिवशी पाऊस होता" असं एका दमात म्हणून पुढं सरकतो. दुसऱ्यानं "चारपैकी तीन" म्हणून थांबलं की ती शांतता आपल्याला भरावी लागते.

एका रविवारी मेडिकलवाल्याच्या चहाच्या ओळीला सातही खुणा. ताईंनी फोनवर असतानाच कॉम्प्युटरवर त्या चौकोनांचा एडिट इतिहास उघडला. सातही खुणा संध्याकाळी सात पन्नासच्या. "सात दिवसांचा चहा दहा मिनिटांत सोडलास की रे बाळू," एवढंच बोलल्या. तो हसला, आम्हीही हसलो, आणि त्यानंतर त्याच्या ओळीतले आकडे घसरले. दोन, तीन, कधी चार. मला ते आकडे सातपेक्षा जास्त आवडतात. इतिहास नंतर कुणी उघडला नाही, रोज उघडायचा झाला तर असली टीमच नको.

दंडाचं सांगायला हवं, कारण विचारणारे सगळे आधी हेच विचारतात. लाल ओळीला २० रुपये, जमतील ते हुरड्याला, अशी कल्पना औशाच्या गड्याची. पंधरवडाभर चांगलं चाललं. मग मेडिकलवाल्यानं सोमवारी सकाळीच पैसे पाठवले, "ह्या आठवड्याचे आधीच घ्या, इज्तेमा-जत्रा दोन्हीची गर्दी आहे, जमणार न्हाई." दंड भरला की मोकळा. हा अनुभव आमचाच नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला, २००० साली प्रसिद्ध झालेला उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांचा प्रयोग आहे: मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढल्यावरही पूर्वीइतके खाली आले नाहीत. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर ती विकत घेतलेली सेवा झाली. आमचा दंड आम्ही काढला. हुरडा वर्गणी काढून केला, गूळ औशाकडचाच.

हंगामाचं गणित ॲपला शिकवता येत नाही, शीटला येतं. सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा आडतीवरून मी कधी घरी जाईन याचा भरवसा नसतो. त्या महिन्यात माझी वाचनाची ओळ पाचावरून दोनवर आणली, फोनवर, सगळ्यांच्या संमतीनं आणि आधी. नंतर नाही. आकडा आठवडा सुरू होण्याआधी उतरवता येतो, शनिवारी उतरवता येत नाही. येळवशीच्या आठवड्यात तर शुगरवाल्याची गोडाची ओळ आम्हीच मिटवली. शेतात कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असं समोर मांडल्यावर कोण नाही म्हणणार? त्यानं चालणं मात्र वाढवून घेतलं, औशाच्या बांधावरून.

आता काय जमलं नाही ते. अभ्यासाचे तास मोजणं भाच्याला घातक ठरलं. दहा तासांची ओळ हिरवी आणि सराव परीक्षेत मार्क तेवढेच. आकडा लक्ष्य बनला की माणूस आकड्याची सोय बघतो. आता त्याच्या ओळीत तास नाहीत, "वेळ लावून सोडवलेला एक पेपर आणि चुकांची वही" आहे, आठवड्यात तीनदा. वजन आम्ही एकदाही शीटमध्ये घेतलं नाही आणि घेऊ नये. ते आपल्या हातातलं काम नाही, कामाचा परिणाम आहे. घरच्या पैशांच्या, नवराबायकोच्या गोष्टी इथं आणू नयेत. मोठा ग्रुपही करू नये. आडतीवरचे दोघं यायचं म्हणत होते, त्यांना रिकामी शीट दिली आणि स्वतःचे चार जण शोधायला सांगितलं. आठ-दहा जण झाले की फोन तासावर जातो, आणि मग पहिला गैरहजर राहतो तो ज्याच्या ओळी लाल असतात.

वरिष्ठ-कनिष्ठ असतील तर तेही टाळा. ताई माझ्यापेक्षा मोठ्या, भाचा लहान, तरी चालतं, कारण कुणाचा पगार कुणाच्या हातात नाही. एकाच ऑफिसातल्या साहेबाबरोबर ही शीट केलीत तर ती हजेरीपट होईल आणि सात पन्नासच्या खुणा सगळ्यांच्याच दिसतील.

सध्या ऊन चढलंय. दुपारी शटर ओढल्यावर देवळापर्यंतची ओळ चालणार नाही हे मेडिकलवाल्यानं स्वतःच मागच्या फोनवर काढलं. सोमवारपासून ती "पेपरवाला येऊन गेला की" अशी केलीय, लक्ष्य पाचावरून चार, पावसाळा लागला की पुन्हा बघू.