आठ महिने ऐकलेला शॉर्टवेव्ह रेडिओ आणि हुकलेला तिसरा मुद्दा

मागील ऑगस्टमध्ये साडेआठ हजार रुपये मोजून ऑनलाइन मागवलेला हा हातात मावणारा, दूरदेशीची केंद्रे पकडणारा शॉर्टवेव्ह रेडिओ संच मी डिसेंबरात विक्रेत्याकडे परत पाठवला, जानेवारीत भांडून तोच संच पुन्हा घरी आणला, आणि आता एप्रिलमध्ये त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे. डिसेंबरात लिहिले असते तर हा मजकूर निव्वळ तक्रारीचा झाला असता. त्या वेळचे माझे गाऱ्हाणे एकच होते : या संचावर ऐकलेल्या जवळजवळ प्रत्येक इंग्रजी प्रवचनातला तिसरा मुद्दा मला ऐकू येत नव्हता.

संचाची वैशिष्ट्ये इथे पुन्हा देत नाही. हा छंद असणाऱ्यांना ती पाठ असतात. आत डीएसपी चिप, म्हणजे सिग्नलवर आकडेमोडीने प्रक्रिया करणारी चिप, आहे आणि बॅटरी जुन्या नोकिया फोनमधली बीएल-५सी आहे, एवढे पुरे. ही बॅटरी नाशिक रोडला मोबाइलच्या कोणत्याही टपरीत स्वस्तात मिळते, हाच मला खरेदीच्या वेळी संचाचा सर्वांत मोठा गुण वाटला होता आणि आजही वाटतो.

मी ऐकतो ती मुख्यतः ख्रिस्ती संस्थांची इंग्रजी प्रसारणे. आमचे घर वारकरी आहे, मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही, हे आधी सांगितलेले बरे, कारण शेजाऱ्यांनी अनेकदा विचारून झाले आहे. तरुणपणी मी इंग्रजी कानाने शिकलो ते सेशेल्स बेटांवरील फेबा रेडिओ या ख्रिस्ती केंद्रावरून. त्यांचे निवेदक बीबीसीपेक्षा सावकाश बोलत, प्रत्येक शब्द सुटा करीत आणि पत्र पाठवले की उत्तर देत. त्या केंद्राचे मनोरे किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकावर, समुद्राच्या पाण्यात उभे केलेले होते, कारण खारे पाणी प्रक्षेपणाला उत्तम अर्थिंग पुरवते. १९७० साली सुरू झालेले ते शॉर्टवेव्ह प्रसारण २००३ मध्ये थांबले. पुढे सरकारी केंद्रेही एकेक करून गेली : रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये शॉर्टवेव्ह सोडली, रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी. निवृत्तीनंतर जुना छंद पुन्हा सुरू करावा म्हणून पट्टे चाळू लागलो, तेव्हा इंग्रजीत बोलणारे जे थोडे आवाज उरले होते त्यांत ख्रिस्ती केंद्रांचा वाटा बराच मोठा आहे असे आढळले. सरकारांना जे परवडेनासे झाले ते श्रोत्यांच्या देणग्यांवर चाललेल्या संस्थांनी चालू ठेवले, याचे मला हिशेबी माणूस म्हणून कौतुक वाटते.

ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घ्यावे. तिथल्या राष्ट्रीय प्रसारकाने शॉर्टवेव्ह बंद केली, परंतु पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुनुनुरा या लहानशा गावातून २००३ पासून एक ख्रिस्ती केंद्र आशियाकडे तोंड करून बोलत आहे. इक्वेडोरच्या किटो शहरातील एचसीजेबी या प्रसिद्ध ख्रिस्ती रेडिओची ही ऑस्ट्रेलियातील शाखा. मूळ एचसीजेबी २५ डिसेंबर १९३१ रोजी, म्हणजे ऐन नाताळात, अगदी लहानशा प्रक्षेपकावर सुरू झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत खुद्द मार्कोनीने उभारलेले व्हॅटिकन रेडिओ सुरू झाले होते. किटोजवळचे पिफो येथील प्रक्षेपण केंद्र नव्या विमानतळामुळे २००९ मध्ये उतरवावे लागले. कुनुनुरा नाशिकपासून सुमारे सात हजार किलोमीटरवर आहे, आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्याचा आवाज माझ्या गच्चीवर बहुधा स्पष्ट येतो. ग्वाम बेटावर ट्रान्स वर्ल्ड रेडिओचे केंद्र १९७७ पासून आणि ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचे १९८७ पासून आहे. तिथून नाशिक साडेसात हजार किलोमीटर भरते. मादागास्करमधील केंद्र २०१६ चे, त्यामानाने नवे आणि जवळचे, तरी मला ते लहरी वाटते. अमेरिकेतील नॅशविलचे डब्ल्यूडब्ल्यूसीआर वगैरे केंद्रांची नावे वाचून कोणी हा संच घेणार असेल तर थांबावे. त्यांचे ॲन्टेना आपल्या दिशेने नाहीत आणि आठ महिन्यांत मला ती दोनदाच, तीही पहाटे, कुजबुजल्यासारखी ऐकू आली.

आता तिसऱ्या मुद्द्याविषयी. इंग्रजी प्रवचनकारांची एक ठरलेली पद्धत आहे : आरंभी एक वचन वाचायचे, मग त्यातून तीन मुद्दे काढायचे. आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात, आणि कीर्तनकार निरूपणाचा अभंग पुन्हा पुन्हा घोळवतो, त्यामुळे मध्ये डुलकी लागलेल्या माणसाचेही फारसे काही हुकत नाही. तीन मुद्द्यांच्या प्रवचनाला ही सवलत नसते. पहिला मुद्दा ऐकू येई, दुसरा येई, आणि प्रवचनकार ‘आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट’ असे म्हणाला की संच गप्प होई. खरखर नाही, शिट्टी नाही, केवळ शांतता. आवाज परत येई तेव्हा समारोपाची प्रार्थना चाललेली असे. ऑक्टोबरपासून मी वहीत याची नोंद ठेवू लागलो, आणि घरातल्यांना ती वही दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

याला कारण सॉफ्ट म्यूट. डीएसपी चिप येणारा सिग्नल आणि त्याच्याभोवतीचा विद्युत गोंगाट यांची तुलना सतत करीत असते, आणि गोंगाट वरचढ होतो आहे असे तिला वाटले की श्रोत्याच्या कानाला त्रास नको म्हणून ती आवाज स्वतःच खाली आणते. शॉर्टवेव्हवर सिग्नल लाटेसारखा चढतो आणि बसतो, कारण आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परतणारे किरण वेगवेगळ्या वाटांनी येतात, कधी एकमेकांना मिळतात तर कधी मारतात. जुन्या मर्फी किंवा फिलिप्सच्या संचात सिग्नल बसला तरी शब्द खरखरीच्या तळाशी असे, आणि सवयीचा कान तो उचलून घेई. इथे यंत्रच ठरवते की मला काय ऐकू यावे. मी कान देऊन ऐकायला तयार असताना माझ्या वतीने हा निर्णय घेणारी ही चिप कोण, या विचाराने मी त्या काळात अतिशय चिडलेला होतो, आणि ती बंद करण्याचे बटण नसणे हा दोष मी आजही माफ केलेला नाही.

डिसेंबरात विक्रेत्याला फोन केला. तिकडच्या मुलाने मला एफएम लावून पाहायला सांगितले. एफएम उत्तम लागते, असे मी सांगितल्यावर मग तक्रार काय, असे त्याने विचारले. तिसऱ्या मुद्द्याची तक्रार मी त्याला समजावू शकलो नाही. अखेर संच स्वखर्चाने पाठवला, त्याला कुरिअरचे ३४० रुपये पडले. तो बावीस दिवस त्यांच्याकडे होता, आणि ‘दोष आढळला नाही’ एवढ्या तीन शब्दांच्या चिठ्ठीसह परत आला. बावीस दिवसांत त्यांनी शॉर्टवेव्हचा पट्टा एकदा तरी लावला होता का, या माझ्या प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी जानेवारीतच मनाशी जुळवून ठेवला होता, आणि शेवटी ‘घेऊ नये’ असे लिहिणार होतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागात देखभालीच्या कामासाठी संध्याकाळी वीज गेली. अंधारात करण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणून संच लावला, तर ग्वाम असे आले की निवेदकाने कागद उलटल्याचाही आवाज ऐकू यावा. अर्धा तास एकदाही संच गप्प झाला नाही. वीज परत आली त्या क्षणी सॉफ्ट म्यूटने पूर्वीसारखाच आवाज दाबला. दुसऱ्या दिवशी मुख्य फलकावरचे एमसीबी एकेक बंद करीत शोध घेतला. संशय राऊटरवर होता, मग सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवर, मग वरच्या मजल्याच्या इन्व्हर्टरवर. गुन्हेगार निघाला जिन्यातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब, जो मी स्वतः रविवार कारंज्याजवळच्या हातगाडीवरून सत्तर रुपयांना दोन या भावाने आणला होता. स्वस्त बल्बमध्ये गोंगाट अडवणारे भाग काढून टाकलेले असतात, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे आतले वीज नियंत्रित करणारे सर्किट, सगळ्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांवर चिखल फेकत राहतो. ग्वामहून शंभर किलोवॅटचा प्रक्षेपक साडेसात हजार किलोमीटर पाठवीत होता ते शब्द पस्तीस रुपयांचा बल्ब माझ्याच उंबरठ्यावर अडवून ठेवत होता. चिप प्रामाणिकपणे तेच सांगत होती.

खूण आधीही मिळाली होती, हे कबूल केले पाहिजे. दिवाळीत दिंडोरीला पुतण्याच्या द्राक्षबागेत दोन रात्री राहिलो तेव्हा, बाहेरची तार न जोडता, केवळ संचाच्या ॲन्टेनाच्या काडीवर व्हॅटिकनचे इंग्रजी प्रसारण सलग ऐकले होते. तेव्हा मी त्याचे श्रेय बागेतल्या मोकळ्या हवेला दिले.

तारेविषयी थोडे. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून तुळशीच्या कठड्यापर्यंत दहा मीटर तांब्याची तार ताणली आहे. बल्ब जागेवर असताना या तारेने परिस्थिती आणखी बिघडवली होती, कारण तार सिग्नलबरोबर गोंगाटही गोळा करते. आता ती खरोखर उपयोगी पडते. संक्रांतीला कोणाच्या तरी मांजाने ती मधोमध कापली, आणि जोड देताना मला एचसीजेबीच्या क्लॅरेन्स मूर या अभियंत्याची आठवण झाली. किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथल्या विरळ हवेत ॲन्टेनाच्या टोकांवर ठिणग्यांचे झोत उठत आणि धातूची टोके वितळत. त्यावर मूरने १९४० च्या दशकाच्या आरंभी उपाय काढला तो असा की टोकच ठेवायचे नाही : तार चौकोनात वळवून बंद करायची. तो क्वाड ॲन्टेना पुढे जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी उचलला. माझ्या तारेची टोके मात्र सुरक्षित आहेत, तिला भीती फक्त मध्यभागी, वर्षातून एकदा.

कार्यक्रमांबद्दल माझे मत मिश्र आहे. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचा ‘वेव्हस्कॅन’ हा साप्ताहिक कार्यक्रम सर्वांत आवडला. त्यात धर्मोपदेशापेक्षा जुन्या रेडिओ केंद्रांचा इतिहास अधिक असतो. ‘थ्रू द बायबल’ हा पाच वर्षांत संपूर्ण बायबल पुरे करणारा कार्यक्रम मी पूर्वी ऐकत असे. त्याचे मूळ वक्ते जे. व्हर्नन मॅगी १९८८ मध्ये वारले, तरी त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर तो आजही चालू आहे आणि शंभराहून अधिक भाषांत होतो. त्यांचा टेक्ससचा लांबट हेल आमच्या कानाला जड जाई. भीती घालणाऱ्या प्रवचनांचा मात्र कंटाळा येतो. फॅमिली रेडिओच्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही कयामतीची तारीख जाहीर केली होती आणि ती त्यांच्या शॉर्टवेव्ह केंद्रावरून महिनोन्महिने ऐकवली जात होती. तो शनिवार होता. मी त्या आठवड्यात घरपट्टी भरायची लांबवली आणि सोमवारी जाऊन निमूटपणे भरली. त्यांचे फ्लोरिडातील ओकीचोबी येथील केंद्र ३० जून २०१३ रोजी बंद पडले.

नव्याने घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सर्व केंद्रांचे वेळापत्रक बदलते, हिवाळ्यात रात्रीसाठी खालचे पट्टे घेतले जातात, आणि जुन्या जागी शोधत बसले की केंद्र बंद पडले असे वाटते. मी ऑक्टोबरात एक आख्खा आठवडा असा शोक केला. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेल्या असतात, त्यांत साडेपाच तास मिळवायचे.

बल्ब काढल्यानंतर मी एका केंद्राला रीतसर श्रवण-अहवाल पाठवला, सिग्नलचा दर्जा सांगणाऱ्या सिनपो अंकांसह. त्याचे उत्तर म्हणून छापील क्यूएसएल कार्ड, म्हणजे केंद्र ऐकल्याची पोच, टपालाने आले, पोस्टमनने ते हातात दिले, आणि त्यावर माझी तारीख, वेळ व फ्रिक्वेन्सी हाताने लिहिलेली होती. परदेशातील ज्या संस्थेला मी एक रुपया दिलेला नाही तिने तिकिटाचा खर्च केला, आणि ज्याला साडेआठ हजार दिले त्याने तीन शब्द लिहिले.

तेव्हा आता संच ठेवला आहे, आणि जिन्यात एकशे ऐंशी रुपयांचा चांगला बल्ब लावला आहे. गेल्या रविवारी कुनुनुरावरून एका प्रवचनाचा तिसरा मुद्दा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आला. तो बराचसा पहिल्याच मुद्द्याची पुनरुक्ती होता. कुरिअरच्या ३४० रुपयांसाठी विक्रेत्याला तिसरे पत्र लिहिले आहे; दोष संचात नव्हता हे मला मान्य आहे, पण बावीस दिवसांचा हिशेब वेगळा आहे.