'ब्रदर्स' आधी की 'एल कॅमिनो'?

द ब्लॅक कीज हा अमेरिकन रॉक बँड ऐकायला सुरुवात करायचीय आणि खिशात एकाच रेकॉर्डचे पैसे आहेत, तर घोळ या दोघांत होतो: 'ब्रदर्स' (२०१०) आणि 'एल कॅमिनो' (२०११). माणसं तीच, ओहायोतल्या अ‍ॅक्रनचे डॅन ऑअरबाख आणि पॅट्रिक कार्नी. एक गिटार घेऊन गातो, दुसरा ड्रम बडवतो.

'ब्रदर्स'चं बरंचसं रेकॉर्डिंग अलाबामातल्या मसल शोल्स साउंड स्टुडिओत झालं. तिथेच १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स येऊन गेले होते. १५ गाण्यांत उसनं एकच: जेरी बटलरचं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप'. (त्याच नावाचं, इंटरनेटवर थट्टेसाठी फिरणारं रिक अ‍ॅस्टलीवालं नव्हे, हसू नका.) गंमत म्हणजे ते सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची जीव ओतून गायची शैली) गाणं ऐकलं की बाकीच्या चौदांचं मूळही सापडतं. पहिलंच 'एव्हरलास्टिंग लाइट' घ्या. ऑअरबाखसारखा रांगडा गडी अख्खं गाणं बारीक, चोरट्या आवाजात गातो आणि खाली गिटार मात्र खरखरत राहते. रात्री हेडफोन लावून ऐका. तक्रार एकच, दहाव्या गाण्यानंतर अल्बम जरा रेंगाळतो.

'एल कॅमिनो'त रेंगाळणं नाहीच. ११ गाणी, सगळी स्वतःची, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. 'लोनली बॉय'चा रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, सुरू झाला की पाय आपोआप ठेका धरतो. 'लिटल ब्लॅक सबमरीन्स' दोन मिनिटं नुसत्या अकूस्टिक गिटारवर गुणगुणतं आणि मग ड्रम अंगावर कोसळतात. गाडीत लावायला याच्यासारखा अल्बम नाही. पण ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं जुनं दर्दभरं संगीत, शोधत आला असाल, तर तो इथे पातळ झालाय.

ठरवणं सोपं आहे. 'ब्रदर्स'मधलं 'टाइटन अप' ऐका, तेच शिट्टीने सुरू होणारं. त्या अल्बममधलं तेवढं एकच गाणं डेंजर माउस नावाच्या संगीत निर्मात्याने प्रोड्यूस केलंय; 'एल कॅमिनो' तर बँडने अख्खा त्याच्यासोबत केला. हे गाणं सगळ्यात जास्त आवडलं, तर सरळ 'एल कॅमिनो' घ्या. ते जरा जास्तच चकचकीत वाटलं, तर 'ब्रदर्स'.

मी 'ब्रदर्स'वाला. फक्त एक लक्षात ठेवा, विनाइलवर तो दोन तबकड्यांचा आहे. पूर्ण ऐकायचा तर तीनदा उठावं लागतं, आणि तिसऱ्यांदा उठायचा मला हमखास कंटाळा येतो.