‘ऑल माय सन्स’चा मराठी प्रयोग: अवश्य पाहावा, पण पुढच्या रांगांत बसून

अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांच्या ‘ऑल माय सन्स’चा मराठी अनुवाद छत्रपती संभाजीनगरातील एका हौशी संस्थेने नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आणला आहे. गेल्या रविवारचा प्रयोग पाहिल्यानंतर सर्वांत आधी हे नमूद करावेसे वाटते की, हे नाटक या शहरात जितके नेमके पोहोचते तितके ते पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचेलच असे नाही. तडे गेलेले सुटे भाग ‘पास’ करून पाठवल्याचा गुन्हा या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे, आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत ज्यांचे आयुष्य गेले, किंवा ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी आजही तिथे पाळीवर जाते, त्यांना त्या गुन्ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर जानेवारी १९४७ मध्ये इलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली आले. त्याआधीचे मिलर यांचे ब्रॉडवेवरील नाटक १९४४ साली चार प्रयोगांतच बंद पडले होते, आणि हेही पडले तर लेखन सोडून दुसरे काही करायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. ते पडले नाही. तीनशेहून अधिक प्रयोग झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ओहायोतील एका कारखान्याने सदोष विमान-इंजिने लष्कराच्या माथी मारल्याचे प्रकरण उघडकीस आले होते, त्यातून या कथानकाचे बीज आले. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये या नाटकाचे नवे प्रयोग अधूनमधून होतच असतात. २०१९ साली तर दोन्हीकडे ते एकाच हंगामात चालू होते.

कथानक थोडक्यात असे. जो केलर हा कारखानदार. युद्धात त्याच्या कारखान्यातून तडे गेलेली सिलिंडर हेड्स (इंजिनाचे ओतीव धातूचे भाग) बाहेर पडली, ती बसवलेली २१ विमाने कोसळली आणि त्यांचे वैमानिक गेले. खटल्यात भागीदार स्टीव्ह तुरुंगात गेला. जो केलर अपिलात सुटला आणि पुन्हा मानाने व्यवसायात उभा राहिला. त्याचा धाकटा मुलगा लॅरी हा वैमानिक असून तीन वर्षांपूर्वी बेपत्ता झाला आहे. आई केट तो परत येणार या विश्वासावर जगते आहे, आणि थोरला ख्रिस लॅरीच्याच वाग्दत्त वधूशी, म्हणजे स्टीव्हच्या मुलीशी, लग्न करू पाहतो आहे. सगळे नाटक एका रविवारच्या सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत केलरांच्या मागील अंगणात घडते. शेवट इथे सांगत नाही, कारण तो ठाऊक नसलेले पुष्कळ प्रेक्षक त्या दिवशी सभागृहात होते आणि त्यांच्यामुळेच तिसऱ्या अंकाला जी शांतता लाभली, ती पुढच्या प्रेक्षकांनाही लाभावी.

दिग्दर्शकाने पात्रांची नावे आणि स्थळ अमेरिकेतलेच ठेवले, हे उत्तम केले. कथा उचलून वाळूजमध्ये आणण्याचा मोह होण्याजोगा होता. तसे झाले असते, तर प्रेक्षकाने हे कोणत्या कंपनीवरून घेतले असेल याचे तर्क करण्यात संध्याकाळ घालवली असती. स्थळ परके राहिल्यामुळे साम्य शोधण्याचे काम प्रेक्षकावर सोपवले जाते, आणि तो ते करतोही. तडा दिसू नये म्हणून वरून वेल्डिंग मारून माल पाठवल्याचा उल्लेख आला, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतील एक वयस्कर गृहस्थ शेजाऱ्याला हलकेच म्हणाले, ‘‘कास्टिंगवर? मग तर संपलंच.’’ ओतीव भागावर मारलेल्या वेल्डिंगचा भरवसा नसतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. अनुवादकाला तळटीप देऊनही इतके साधता आले नसते.

जो केलरची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाने या माणसाला खलनायक होऊ दिलेले नाही, आणि प्रयोगाचे पहिले यश त्यात आहे. गल्लीतल्या पोरांबरोबर पोलीस-पोलीस खेळणारा, तळघरात तुरुंग असल्याची थाप मारून त्यांना भुरळ घालणारा, शिक्षण थोडे पण धंद्याची नाडी जाणणारा हा गृहस्थ पहिल्या अंकात इतका आपलासा वाटतो, की पुढे त्याचा राग यायला वेळ लागतो. जे केले ते पोरांसाठी केले, हे त्याचे समर्थन आपल्याकडच्या किती घरांत निराळ्या निमित्ताने ऐकू येते! ते वाक्य या नटाने कुठेही न ताणता, हिशेब सांगावा तशा स्वरात उच्चारले.

तथापि प्रयोग खऱ्या अर्थाने पेलला आहे तो केटने. ही बाई भाबडी नाही. लॅरी जिवंत आहे असे ती मानते, कारण तो गेला असे मान्य केले तर त्याच्या मृत्यूचा दोष नवऱ्याकडे जातो. शेजारचा फ्रँक तिच्यासाठी लॅरीची पत्रिका मांडतो आणि ज्या २५ नोव्हेंबरला तो बेपत्ता झाला, तो दिवस त्याला शुभ होता म्हणून तो मरणे शक्य नाही असा निष्कर्ष काढतो, तेव्हा आपले प्रेक्षक आधी मोकळेपणाने हसले आणि मग केटचा चेहरा पाहून गप्प झाले. दुसऱ्या अंकात स्टीव्हचा मुलगा जॉर्ज तुरुंगातील बापाला भेटून, त्याचीच हॅट घालून, भांडायच्या तयारीने येतो. केट त्याला द्राक्षांचा रस देते, वाळलास म्हणते, आणि पाहता पाहता त्याचा राग उतरवते. तेवढ्यात, जो किती धडधाकट आहे हे सांगताना तिच्या तोंडून निघून जाते की, तो पंधरा वर्षांत कधी आजारी म्हणून पडलेला नाही. खटल्यातून जो केलर सुटला होता तो मुळी ‘त्या दिवशी मी फ्लूने घरी पडून होतो’ या जबानीवर. इथे अभिनेत्रीने काहीच केले नाही. हातातला ग्लास टेबलावर ठेवता ठेवता ती थांबली, तो पुन्हा उचलला आणि नवऱ्याकडे न पाहता हसण्याचा प्रयत्न केला. जॉर्ज जागचा हलला नाही. संपूर्ण प्रयोगातला हा सर्वोत्तम क्षण होता.

मूळ तीन अंकांमध्ये एकच मध्यंतर देताना दिग्दर्शकाने ते जॉर्जच्या प्रवेशाच्या ऐन आधी ठेवले आहे, ही चांगली सूझ म्हणावी लागेल. नेपथ्यातही असाच विचार दिसतो. लॅरीच्या आठवणीसाठी लावलेले आणि आदल्या रात्रीच्या वाऱ्याने मोडलेले सफरचंदाचे झाड रंगमंचाच्या कडेला न ठेवता जवळजवळ मध्यभागी आडवे टाकले आहे, त्यामुळे प्रत्येकाला त्याला वळसा घालून किंवा ते ओलांडूनच जावे लागते. केट तेवढी कधीच ओलांडत नाही. (फांदी बाभळीची होती हे लपत नव्हते, परंतु त्याने काही बिघडले नाही.)

उणिवा मात्र आहेत, आणि त्यातली पहिली पार्श्वसंगीताची आहे. लॅरीचे नाव निघाले की विमानाची घरघर ऐकवायची, असा नियमच केल्यासारखे वाटते. एकदा ते अंगावर येते. पुढे त्याची सवय होते, आणि अखेरीस तर त्या आवाजात केटचे एक महत्त्वाचे वाक्य बुडाले. ख्रिसची भूमिका करणारा तरुण नट गुणी आहे, पण राज्य नाट्य स्पर्धेच्या मंचावर मुरलेल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची जी सवय लागते, ती त्याला सोडता आलेली नाही. बाप-लेकाच्या संघर्षात तो सुरुवातीलाच वरच्या पट्टीत गेला, आणि जिथे खरोखर तुटायचे होते तिथे त्याच्याकडे चढायला जागा उरली नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे शेजाऱ्यांच्या प्रवेशांची काटछाट. डॉक्टर जिम याची बायको सू मूळ संहितेत स्टीव्हच्या मुलीला स्पष्ट सांगते की, जो कसा सुटला हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही सगळे त्याच्याकडे पत्ते खेळायला येतात! हा प्रवेश या प्रयोगात जवळपास नाहीसा झाला आहे. त्यामुळे गुन्हा एका घराचा उरतो. त्यावर पांघरूण घालून बसलेली वस्ती सुटते. वीसेक मिनिटे वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे, विशेषतः आपल्या शहरात, जिथे कोणाचा माल कसा पास होतो याची चर्चा चहाच्या टपरीवर होते आणि तिथेच संपते. पुढच्या प्रयोगांत तो प्रवेश परत घ्यावा आणि हवी तर विमानाची घरघर कमी करावी, असे संस्थेला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

तिकीट २०० रुपये होते आणि त्या मानाने प्रेक्षकाला भरपूर मिळते. प्रयोग ज्या नाट्यगृहात झाला तिथली ध्वनिव्यवस्था बेताची आहे आणि बाजूच्या पंख्यांचा आवाज संवादांवर येतो, म्हणून दहाव्या रांगेच्या मागे जागा घेऊ नये. तिसरी घंटा वेळेवर झाली, तरीही उशिरा येणाऱ्यांना मोबाइलच्या उजेडात जागा शोधत फिरू दिले गेले, आणि पहिल्या अंकाची दहा मिनिटे त्यात गेली. मध्यंतरासह प्रयोग पावणेतीन तास चालतो. लहान मुलांना आणू नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना मात्र अवश्य आणावे, आणि शक्य झाल्यास त्यांच्या वडिलांच्या शेजारी बसवावे.