सहाच्या खाली नऊ

नागपूरच्या मे महिन्यानं माझी फसवणूक उघडी पाडली. नाहीतर ती गाडी मी आजही येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकानं दाखवत बसलो असतो.

जुन्या रेसिंग गाड्यांच्या डाय-कास्ट, म्हणजे धातूच्या छोट्या मॉडेलांचा मला नाद आहे. त्यातही फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या गाड्या म्हणजे जीव की प्राण. गल्फ या तेल कंपनीच्या फिक्या निळ्या रंगातली, मधोमध नारिंगी पट्टा असलेली फोर्ड जीटी४० तुम्ही फोटोत तरी पाहिली असेल. चासी (सांगाडा) नंबर १०७५ ही एकच गाडी लागोपाठ दोन वर्षं ले मान्स जिंकली. १९६८ ला तिचा नंबर होता ९, चालवणारे पेद्रो रॉड्रिगेझ आणि लुसियाँ बियांकी. १९६९ ला नंबर ६, चालवणारे जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर. तेव्हा ड्रायव्हर धावत जाऊन गाडीत उडी मारायचे आणि बेल्ट न लावताच निघायचे. त्या वर्षी इक्स निषेध म्हणून चालत गेला, बेल्ट लावला आणि सगळ्यांत शेवटी निघाला. २४ तासांनी पोर्शेला शे-सव्वाशे मीटरनं मागे टाकून तोच जिंकला. हा किस्सा मी घरी इतक्यांदा सांगितलाय की बायको आता पुढचं वाक्य आधीच म्हणते.

तर मला फसवणारा विक्रेता एका रविवारी शौकिनांच्या बैठकीत भेटला. पहिल्याच भेटीत १:४३ मधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान, एक पोर्शे २,२०० रुपयांना दिली. अगदी अस्सल, बाजारभावापेक्षा स्वस्तच. आता कळतं, तो गळाला लावलेला दाणा होता.

दोन महिन्यांनी त्यानं फोटो पाठवला. १:१८ मधली जीटी४०, वीतभर लांब, दारावर नंबर ६. पण खालच्या पट्टीवर लिहिलेलं १९६८, रॉड्रिगेझ, बियांकी. मी लगेच पकडलं. म्हटलं, "अहो, हे चुकीचं आहे. अडुसष्टला नंबर ९ होता." मनातून खूश झालो, आपल्याला बरं कळतं म्हणून.

तो हसला. "बरोबर ओळखलं भाऊ. म्हणूनच तर तुम्हाला दाखवतोय. कारखान्याची चूक आहे. असा पीस परत भेटणार नाही."

इथंच मी गेलो. नाण्यांत, टपाल तिकिटांत चुकीच्या छपाईला जास्त किंमत येते हे मला माहीत होतं. ज्या विसंगतीनं मी सावध व्हायचं, तिच्याचसाठी मी जादा पैसे मोजले. धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता सौदा ठरला, २४ हजार. बिल नाही, पावती नाही, पैसे यूपीआयनं. गाडी पाहिली खरी, पण काचेच्या डब्यात. "उघडलं की किंमत उतरते," तो म्हणाला आणि मी मान डोलावली!

मे उजाडला. पारा ४५ वर. डबा खिडकीपाशी होता, दुपारी त्यावर ऊन यायचं. एके दिवशी गाडीच्या नाकावरच्या, नंबराच्या पांढऱ्या वर्तुळाची कड वर आलेली दिसली. डबा उघडून नखानं उचलली तर अख्खा ६ निघून हातात आला. खाली सुबक छापलेला ९. म्हणजे गाडी साधी १९६८ चीच, पट्टीही खरी. खोटी फक्त ती तीन वर्तुळं, नाकावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. असं मॉडेल ६-७ हजारांत सहज मिळालं असतं.

मला साधी गोष्ट सुचली नाही. चांगल्या मॉडेलवर नंबर थेट छापलेला असतो, किंवा डिकल (पातळ छापील चित्र) बसवून वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा हात असतो. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की घरी चिकटवलेल्या स्टिकरची जाड कड सावली टाकते. पण त्यासाठी गाडी डब्याबाहेर, हातात हवी. विकणारा डबा उघडू देत नसेल तर उठून यावं, पोहे अर्धे राहिले तरी चालतील. आणि 'कारखान्याची चूक' ऐकलं की त्याच गाडीचे दुसऱ्या दोन संग्राहकांकडचे नग बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत.

त्याचा फोन तोवर बंद झाला होता. पोलिसांत गेलो. हवालदारानं विचारलं, "खेळण्यातल्या गाडीचे २४ हजार?" तक्रार घेतली त्यांनी, पण मलाच सांगताना लाज वाटत होती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तोही दीड महिन्यानं. पैसे गेल्याबरोबर केला तर ते वाटेत अडवता येतात. मला तर फसलोय हेच इतक्या उशिरा कळलं होतं.

मग ओळखीतल्या संग्राहकांना कळवायला लागलो. अमरावतीच्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो जरा गप्प राहिला. म्हणाला, "माझ्याकडं पण आहे ती. जगात एकच आहे म्हणाला होता."

"नखानं कड उचलून बघ," मी म्हटलं.

फोन चालूच होता. पलीकडं डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही.