ट्रकच्या ब्रेकमधील जाम बोल्ट: तेल, गन, ज्योत की ग्राइंडर?

लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, बदलण्यासाठी ड्रम उतरवल्यावर खरी अडचण बहुधा त्यामागच्या बोल्टांपाशी येते. ब्रेक चेंबरच्या (हवेच्या दाबावर ब्रेक चालवणाऱ्या डब्याच्या) ब्रॅकेटचे नट आणि धूळपत्र्याचे छोटे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाड्यांत तर हे हमखास घडते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली फट ठासून भरते. अशा वेळी कोणता उपाय योजावा हे अंगच्या जोरावर ठरवू नये. बोल्टच्या शेजारी काय आहे आणि तो बोल्ट पुन्हा वापरायचा आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

गंज सोडवणारे तेल सर्वांत स्वस्त पडते, मात्र ते वेळ मागते. तारेच्या ब्रशने आटे साफ करून, तेल सोडून, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले तर तेल आत झिरपते. शक्य असल्यास गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी नट थोडा हलला की लगेच पूर्ण फिरवण्याचा मोह आवरावा. पाव फेरा सैल करून पुन्हा किंचित आवळावा, म्हणजे तेलात कालवलेली तांबूस भुकटी आट्यांतून बाहेर येऊ लागते आणि पुढचा फेरा सोपा जातो. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: तेल लायनरवर उडता कामा नये. तेल प्यालेला लायनर पुसून भरवशाचा होत नाही, तो बदलावा लागतो, आणि दोन्ही बाजूंची पकड सारखी राहावी म्हणून त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाचाही बदलावा लागतो.

टॉमी बारला पाइप लावून दिलेला सलग पीळ आणि इम्पॅक्ट गनचे जलद ठोके यांत, चाकांच्या जाड नटांसाठी मी गन निवडेन, कारण ठोक्यांनी गंजाची पकड तुटते. बारा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक बोल्टाला मात्र हातपानाच बरा. बोल्ट तुटण्याआधी तो रबरासारखा लवचीक लागू लागतो, ही सूचना हाताला कळते, गनला कळत नाही. दोन्ही वेळी सहा कोनांचा बॉक्स पाना घ्यावा, कारण बारा कोनांचा पाना गंजलेले डोके लवकर गोल करतो. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी दिशा पाहून घ्यावी.

ज्योत सर्वांत परिणामकारक आहे आणि सर्वांत धोक्याचीही. वीस मिलिमीटर भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचे भोक सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठे होते, आणि गंज मोडायला तेवढे पुरते; म्हणून बोल्ट न तापवता नटच तापवावा. परंतु स्प्रिंग ब्रेक चेंबरजवळ, म्हणजे हवा नसताना स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लावून धरणाऱ्या चेंबरजवळ, ज्योत नेऊच नये. आतली दाबलेली स्प्रिंग शेकडो किलोंचा जोर धरून असते, ती निसटली तर जीव जातो. नायलॉनच्या हवेच्या नळ्या आणि हबचे ग्रीसही ज्योतीपासून दूर हवेत. टायर बसवलेल्या रिमला तापवणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योतीने विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. शिवाय ८.८ किंवा १०.९ खुणेचा (म्हणजे जास्त ताकदीच्या श्रेणीचा) बोल्ट लालबुंद झाला की त्याची मूळ ताकद उरत नाही. असा बोल्ट पुन्हा बसवू नये.

धूळपत्र्याच्या बोल्टांसाठी मी थेट ग्राइंडर उचलेन. नवा बोल्ट ब्रेकच्या कामाच्या खर्चात नगण्य असतो, उलट तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढण्यात दुपार जाते. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ठिणग्या नळ्यांवर व टायरवर पडू नयेत म्हणून मध्ये पत्रा धरावा. चेंबरच्या ब्रॅकेटच्या नटांसाठी क्रम वेगळा: आधी आतली स्प्रिंग ती दाबून धरण्यासाठीच्या खास बोल्टने आवळून बांधावी, मग तेल आणि पाना. तरीही नट हलला नाही, तर चेंबरच्या कवचाला पाते लागणार नाही अशा बेताने नट छिन्नीने फोडावा किंवा कापावा.

परत जोडताना धूळपत्र्याच्या बोल्टांना गंजरोधक पेस्ट जरूर लावावी. चाकांच्या नटांना मात्र उत्पादकाने सांगितल्याशिवाय लावू नये, कारण वंगण लागलेल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कने (आवळण्याच्या पिळाने) स्टडवर, म्हणजे नट बसतो त्या चाकाच्या बोल्टवर, अधिक ताण येतो.