आवारातला समुपदेशक की १४४१६?

दापोली किंवा रत्नागिरीत विद्यार्थी समुपदेशन केंद्र चालवणाऱ्याला हा प्रश्न पडतोच: कॉलेजात समुपदेशक नेमावा की मुलांना हेल्पलाइनचा नंबर द्यावा? कारण पैसा थोडा असतो. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन मोफत, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. रात्री दोनला हॉस्टेलवर जीव घाबरला तर दुसरं कोण जागं असणार? शिवाय इथे गाव लहान. केंद्राच्या दारात कुणी पाहिलं की बातमी घरी पोचते, ही भीती मुलांना खरोखर असते.

तरीही माझा कौल पूर्णवेळ समुपदेशकालाच. राहिलेले विषय (एटीकेटी), मासेमारी बंदीच्या काळात थकलेली फी, मुंबईला नोकरीसाठी जायचं दडपण, हे सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. मुलाची संमती घेऊन तो रेक्टरशी बोलू शकतो, गरज पडल्यास रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात सोबत जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. त्याची खोली मात्र ऑफिसच्या रांगेत नको, ग्रंथालयाच्या मागे द्या. आणि दारावर १४४१६ ठळक लिहा.