फुकेतच्या टूर कंपनीच्या नावाखाली आमचे 31 लाख कसे गेले

थायलंडमध्ये फुकेतला टूरचा धंदा उभा करून देतो, असं सांगत आपल्याच भागातला एक माणूस सातारा, वाई, कराड, कोरेगावकडं घरोघरी जातोय. आमच्या घरातून त्यानं 31 लाख रुपये नेले. तक्रार दिलेली आहे, तपास सुरू आहे, म्हणून त्याचं नाव इथं लिहीत नाही. पण तो काय बोलतो, कुठले कागद पुढं करतो आणि कुठल्या क्रमानं माणसाला गुंतवतो, ते सगळं लिहिते. त्यातला क्रम नीट वाचा. सगळी ताकद त्या क्रमात आहे.

आमच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर आहेत. मिस्टर आणि धाकटे दीर गाड्या चालवतात, बुकिंग आणि हिशेब माझ्याकडं. कास, ठोसेघर, बामणोली, सज्जनगड, महाबळेश्वर हा आमचा पट्टा. कास पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हापासून सप्टेंबरमध्ये जेवायला सवड मिळत नाही. फुलं संपली की ते गिऱ्हाईक संपतं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर गाड्या दारात उभ्या आणि हप्ते मात्र दर महिन्याला.

त्यानं बरोबर इथंच बोट ठेवलं. फुकेतचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर तिथं पावसाळा, समुद्र खवळलेला, सिमिलान बेटं तर मे मध्यापासून पाच महिने बंदच असतात. म्हणजे कासची फुलं सुकतात तेव्हा तिकडचा समुद्र शांत होतो. "वहिनी, तीच माणसं, तीच मेहनत, फक्त बारा महिने धंदा," असं तो मला म्हणाला. हे खोटं नव्हतं. नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना थायलंडला व्हिसा लागेनासा झाला होता, जुलै 2024 मध्ये मुक्कामाची मुदत 60 दिवस केली होती, मुंबईहून फुकेतला थेट विमान होतं. मराठी ग्रुप जातात आणि तिसऱ्या दिवशी भाकरी शोधतात, हेही खरंच. त्याच्या बोलण्यातलं बरंचसं कुठंही पडताळून बघा, खरं निघेल. खोटं असतं ते फक्त कागद आणि पैशांबद्दलचं.

ओळख एका लग्नात झाली. नंतर तो घरी आला, सासूबाईंच्या पाया पडला, त्यांना आई म्हणायला लागला, मांडी घालून जेवला. आपल्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर जाऊन पोट भरतात. जावळी-पाटणचे लोक मुंबईत माथाडी म्हणून गेले, विटा-खानापूरचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) देशभर पसरले, आणि प्रत्येक जण आधी गेलेल्या गावच्या माणसाचा हात धरूनच गेला. त्या हातावर विश्वास ठेवला नसता तर आपल्याकडची निम्मी घरं उभी राहिली नसती. हा माणूस तोच विश्वास विकून खातोय, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

आता क्रम.

पहिलं पाऊल कंपनीचं. थायलंडच्या 1999 च्या परदेशी व्यवसाय कायद्यात टूर घेऊन फिरवणं आणि खाणंपिणं विकणं हे दोन्ही धंदे परदेशी माणसासाठी बंधनातल्या यादीत आहेत. टूर कंपनीचा परवाना तिथल्या पर्यटन विभागाकडून मिळतो आणि त्यासाठी किमान 51 टक्के हिस्सा थाई लोकांचा लागतो. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, म्हणून तर तो जाणकार वाटला. पुढं म्हणाला, "51 टक्के माझ्या बायकोच्या नात्यातल्यांच्या नावावर, नावापुरते. त्यांच्या सह्या घेतलेले कोरे हस्तांतरणाचे कागद तुमच्याच कपाटात राहतील. मालक तुम्हीच." ते कागद खरंच आमच्याकडं आले. थाई भाषेत, खाली सही, वर शिक्का. हिस्सा फक्त नावापुरता ठेवणं हा तिथं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख ते 10 लाख बात (थाई चलन) दंड आहे, आणि नाव देणारा व घेणारा दोघंही त्यात येतात, हे मात्र तो बोलला नाही. मालकीची हमी म्हणून त्यानं आमच्या हातात दिलेला कागद हा आमच्याच विरुद्धचा पुरावा होता.

दुसरं पाऊल पैशांचं. तेव्हा परदेशी पाठवलेली रक्कम वर्षात 7 लाखांवर गेली की वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घ्यायचा आयकर, कापला जायचा. (एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 10 लाख झाली.) तो म्हणाला, एवढे पैसे सरकारात कशाला अडकवायचे? मिस्टरांच्या खात्यातून 7 आणि दिरांच्या खात्यातून 7 लाख, तेही परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या ए-2 फॉर्मवर 'नातेवाईकांचा निर्वाहखर्च' असं कारण लिहायला लावून, त्याच्या तिकडच्या वैयक्तिक खात्यात घेतले. उरलेले 17 लाख रोख. पुण्यात एका दुकानात पोचवायचे, तिकडं बात जमा होतील. पावती नाही. त्यानं व्हॉट्सअॅपवर दहा रुपयांच्या एका नोटेचा फोटो पाठवला होता. दुकानातल्या पोरानं ड्रॉवरमधून तीच नोट काढली, दिरांनी फोटोतला नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, पोरानं पैसे मशीनवर मोजले आणि नोट दिरांच्या हातात दिली. 17 लाखांचा आमच्याकडं असलेला पुरावा म्हणजे ती दहाची नोट.

टीसीएस हा काही बुडणारा पैसा नाही, हे त्यानं लपवलं. तो आपल्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो, आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. न बुडणारे पैसे वाचवायच्या नावाखाली त्यानं आम्हाला हवालाच्या बेकायदा व्यवहारात उतरवलं, कारण रोख पैशाला माग नसतो आणि देणारा तोंड उघडायला घाबरतो.

तिसरं पाऊल कामाचं. नोव्हेंबरमध्ये आम्ही गेलो ते व्हिसामाफीवर. त्या शिक्क्यावर तिथं काम करता येत नाही. रीतसर वर्क परमिट हवं असेल तर कंपनीचं भरणा भांडवल दर परदेशी माणसामागं 20 लाख बात, म्हणजे तेव्हाच्या भावानं पन्नास लाख रुपयांच्या घरात, आणि चार थाई नोकर लागतात. गाइडचं काम तर परदेशी माणसाला परमिट घेऊनही करता येत नाही, ते थाई नागरिकांसाठी राखीव आहे. तो म्हणाला, परमिट प्रोसेसमध्ये आहे, तोवर चला, सगळे असंच करतात. चलाँग धक्क्यावर मराठी ग्रुप उतरवून घेताना, त्यांना फांगनाच्या खाडीची माहिती सांगताना, मी डबे भरताना त्यानं आमचे भरपूर फोटो काढले. जाहिरातीला लागतील म्हणाला. ते कशाला लागले ते पुढं सांगते.

पहिली शंका मिस्टरांना आली ती व्हॅनवरून. आमच्या पैशातून घेतलेली म्हणून एक टोयोटा कम्युटर त्यानं दाखवली होती. गाडी चांगली, इंजिन ऐकूनच यांनी पसंत केली होती. पण गाडीचं पुस्तक मागितलं की झेरॉक्स पुढं यायची. आमच्या आरसी बुकावर फायनान्सचा बोजा कुठं लिहितात हे यांना झोपेतही सांगता येईल. लिपी कळत नव्हती, तरी यांनी झेरॉक्सवरचे रकाने मोबाईलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघितले. मालकाच्या जागी एका फायनान्स कंपनीचं नाव होतं आणि वापरणाऱ्याच्या जागी तिसऱ्याच माणसाचं. तिकडं कर्ज फिटेपर्यंत मूळ पुस्तक फायनान्स कंपनीकडंच राहतं. म्हणजे व्हॅन ना आमची, ना कंपनीची, ना त्याची.

मग एकेक उकलत गेलं. ऑफिसचा पाच वर्षांचा भाडेकरार त्यानं दाखवला होता, त्याची पगडी म्हणून 4 लाख घेतले होते. थायलंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार भूमी कार्यालयात नोंदवावा लागतो, नाहीतर तो तीन वर्षांपुरताच धरला जातो. आमचा नोंदवलेला नव्हताच, आणि खरी मालकीण भाडं मागायला आली तेव्हा कळलं की तिच्याशी बोलणी फक्त तीन महिन्यांची झाली होती. परवाना म्हणून भिंतीवर लावलेल्या कागदावरचा नंबर खरा होता, पण तो दुसऱ्याच कंपनीचा. शेवटी तिथल्या वकिलाकडून आमच्या कंपनीचा नोंदणी दाखला वाचून घेतला. कंपनी जुनीच होती. सहीचा अधिकार एकट्या त्याच्या बायकोला. भागधारकांच्या यादीत मिस्टरांचं नाव नाही, दिरांचंही नाही. टक्के, कोरे कागद, सगळंच हवेत. थायलंडमधल्या प्रत्येक कंपनीला 13 आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि तिथल्या व्यवसाय विकास विभागाच्या संकेतस्थळावर तो टाकला की संचालक, भांडवल, कंपनी चालू की बंद हे घरबसल्या दिसतं. पर्यटन परवान्याचा नंबरही पर्यटन विभागाकडं पडताळता येतो. तुमच्याकडं कोणी आला असेल तर आजच्या आज हे दोन्ही नंबर मागा. तो नंबर न देता रागावला, "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आम्ही हिशेब मागितला त्या रात्री त्यानं मला फोन केला, मिस्टरांना नाही. आवाज तोच, गोड. "वहिनी, पोलिसांत जायचं तर जा. पण धक्क्यावरचे फोटो माझ्याकडं आहेत. परमिट नसताना काम केलंत, दंड होईल, हाकलून देतील. आपल्याकडच्या पोलिसांत गेलात तर हवालाचं कोण निस्तरणार? आणि ते कोरे कागद तुमच्याच कपाटात आहेत ना?" मग विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

तेव्हा मला सगळं उलगडलं. दर पावलाला त्यानं आमच्याकडून काहीतरी बेकायदा करून घेतलं होतं, आणि ते पैसे वाचवायला नव्हतं. पुढं आमचं तोंड बंद राहावं म्हणून होतं. आमच्यासारखी अजून घरं आहेत, ती याच भीतीनं गप्प आहेत, हे आता मला माहीत आहे.

आम्ही घाबरलो, पण परत येऊन साताऱ्यात आधी सीएकडं आणि वकिलाकडं गेलो. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो हे सीएनं स्पष्ट सांगितलं. वकील म्हणाले, लपवून तक्रार दिली तर पहिल्याच तारखेला ती मोडेल. म्हणून ए-2 फॉर्मवरचं खोटं कारण, पुण्याचं दुकान, दहाची नोट, सगळं जबाबात लिहून दिलं. त्या दिवसापासून त्याच्याकडं आम्हाला धमकवायला काही उरलं नाही. तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडं आहे, फसवणूक आणि विश्वासघाताच्या कलमांखाली. वकिलांनी एक गोष्ट मुद्दाम लिहून घेतली: बोलणी कुठं झाली आणि पैसे कुठं दिले. सगळा गुन्हा परदेशात घडला असं ठरलं तर भारतीय आरोपीवर इथं खटला चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. आमची बोलणी आमच्या ओसरीवर झाली आणि रोकड पुण्यात दिली, म्हणून हा गुन्हा इथलाही आहे.

सरळ मार्ग आहे आणि तो अवघडही नाही. परदेशी कंपनीत खरोखर हिस्सा घ्यायचा तर 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे आपल्या बँकेतून फॉर्म एफसी भरून, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पैसे थेट कंपनीच्या खात्यात जातात आणि रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्यात नाही. पण मी तर म्हणेन, आपल्यासारख्या दोन गाड्यांच्या माणसानं तिकडं कंपनी काढायचीच गरज नाही. ग्रुप इथून जमवायचा, तिकडच्या परवानाधारक कंपनीशी लेखी करार करायचा, व्हॅन त्यांची, गाइड थाई, पैसे पावतीनं. नफा कमी सुटतो, पण बुडाला तरी एका ग्रुपचा बुडतो, घर बुडत नाही. दीर आता तेवढंच करतात. एक गाडी विकावी लागली, पतसंस्थेचं कर्ज अजून चालू आहे, माझं सोनं तारण आहे.

ज्यांनी या माणसाला पैसे दिले आहेत त्यांनी बँकेची पावती, ए-2 ची प्रत, व्हॉट्सअॅपवरचे संदेश काहीही पुसू नका. त्याचा नंबर ब्लॉक करण्याआधी सगळं संभाषण उतरवून ठेवा. रोख दिली असेल तर कोणत्या दुकानात, कोणत्या दिवशी, सोबत कोण होतं ते आजच कागदावर लिहा, नंतर तारखा विसरतात. मग साताऱ्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन आपला वेगळा जबाब द्या. आमची एकच तक्रार असेपर्यंत तो म्हणतो की हा दोन भागीदारांचा वाद आहे. दुसरी, तिसरी तक्रार आली की त्याला तसं म्हणता येणार नाही.